घर फिरवून लावलं तेव्हा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात खोडत जाते. इथे दमलेलं मन... इथे अपुरी झोप... इथे ऐकीव गोष्टीला चढलेला रंग. सगळी नोकरी हदगावच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे तपासायची सवय सुटत नाही. त्यात आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेलं माणूस लिंगैक्य होतं, शिवात मिळून जातं असं मानतात. मागे रेंगाळणं, घुटमळणं हे विषय आमच्या घरात कधी निघालेच नाहीत. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास शिक्षणामुळेही नव्हता आणि घरच्या संस्कारामुळेही नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही.

तरी लिहिते आहे. माझा मोठा भाऊ, दादा, मागच्या वर्षी गेला. त्या संध्याकाळी जे घडलं ते पाहणाऱ्या घरच्यांपैकी आता मी एकटी उरले. मी गेल्यावर ते कुणालाच माहीत नसेल, हा विचार काही केल्या मनातून जात नाही. लिहायला वेळ लागतोय, रोज थोडं थोडं लिहिते.

लातूर नवा जिल्हा झाला त्याच्या नंतरची, लागोपाठ पाऊस हुकलेली वर्षं. गावात एकीकडे नव्या ऑफिसांच्या पाट्या लागत होत्या, परगावचे साहेब भाड्याने घरं शोधत हिंडत होते. आणि दुसरीकडे नळ कोरडे पडलेले. आमचं घर गंजगोलाईच्या मागे, कापडदुकानांच्या पाठीमागच्या गल्लीत. एकामागे एक तीन खोल्या, खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, मागे न्हाणी, पुढे दगडी पायरी. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या ओट्यावर हमीदाचाची कुणाशी बोलली तर आमच्या स्वयंपाकघरात कळायचं.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो, आईला अव्वा. अप्पांचं कापडाचं छोटं दुकान होतं. काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू गेले, तेव्हा दुकान बंद केलं. पण रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळात जायचा नेम काही त्यांनी सोडला नाही. अव्वा न्यायची. आता चारचौघांत नवऱ्याने बायकोचा हात धरून चालायचं हे आमच्या गल्लीत शक्यच नव्हतं. दोघंही लाजेने मेले असते. म्हणून अव्वाने एक युक्ती काढली. ती अर्धं पाऊल पुढे चालायची आणि पदराचं टोक मागे करून अप्पांच्या उजव्या मुठीत द्यायची. मूठ पुढे, हात किंचित ताणलेला, मान ताठ — असे अप्पा वर्षानुवर्षं त्या गल्लीतून चालले. अव्वा काही बोलायची नाही. डावीकडे वळायचं तर पदर डावीकडे, पायरी आली की क्षणभर सैल. अप्पांना तेवढं पुरायचं.

हमीदाचाची रोज ओट्यावरून छेडायची, “भाभी, मियांकू बांधके कहां लेके जारे?”

“बाजारात इकायला,” अव्वा म्हणायची. “घेतीस का?”

“मुफत भी नक्को माँ!”

अप्पा हसायचे. “जन्मभर गिऱ्हाइकाला लुगड्याचे पदर उलगडून दाखवले गं चाची,” ते म्हणायचे, “आता एकच पदर धरायचं काम ऱ्हायलं.”

त्या उन्हाळ्यात अव्वा गेली. ताप काय आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलंच.

मी रजा काढून राहिले. घरात अप्पांचं फारसं अडत नव्हतं, कारण घर अव्वाने त्यांच्यासाठीच लावलेलं होतं. खाटेवरून उठलं की भिंत, भिंतीला हात लावून गेलं की धान्याची कोठी, कोठीच्या पुढे घडवंची, तिच्यावर पाण्याच्या घागरी, तिथून उजवीकडे न्हाणी. एकही वस्तू जागा सोडून नसायची. अप्पा स्वतः आंघोळ करायचे, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायचे, स्वतः पाणी घेऊन प्यायचे. फक्त देवळात जाणं बंद झालं. मी एकदा हात धरून नेलं, तर परत आल्यावर म्हणाले, “राहू दे बाई. लेकीनं ओढत न्यावं असं अजून झालं न्हाई.”

दादा नांदेडला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. त्याला अप्पांना नांदेडला न्यायचं होतं. त्यात त्याचा काही स्वार्थ नव्हता, हे मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. त्याला झोप लागत नव्हती वडील एकटे आहेत म्हणून. पण त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, तो आणि वहिनी दोघं नोकरीला. अप्पा पूर्वी तिथे राहून आले होते. “तिथं मी पार्सल हाय रे,” ते म्हणाले. “ठेवलं तिथं ऱ्हातो.”

शेवटी असं ठरलं की दसऱ्यापर्यंत बघायचं. आत्या, म्हणजे अप्पांची मोठी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. ती दोन्ही वेळचा डबा आणून देणार. घरात अप्पा आपलं आपण वावरू शकले तर राहतील, नाही तर नांदेड.

नवरात्राचे घट बसायच्या आधी आमच्याकडे दसरा काढतात. म्हणजे घरातली सुईसुद्धा बाहेर काढून, धुऊन, पुसून परत लावायची. एरवी वाकळा, गोधड्या गाडीत घालून नदीला न्यायच्या. त्या वर्षी कुठली नदी आणि कुठलं पाणी! पण अव्वा गेल्यानंतरचा पहिला दसरा, घर मनासारखं काढलं पाहिजे असं आत्याचं म्हणणं. मलाही ते हवं होतं. दादा तर म्हणाला, “सगळं नव्यानं सुरू करायचं असंल तर घर नवं दिसू दे.” मी हदगावहून पुन्हा रजा काढून आले, तोही रजा टाकून आला.

मग आम्ही ते घर जवळजवळ पाण्याशिवाय काढलं. वाकळा पत्र्यावर टाकून दिवसभर उन्हात भाजल्या आणि काठीने झोडपल्या. तांब्या-पितळेला कोरडी राख घासून पोत्याच्या तुकड्याने लखलखवलं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी साठवून त्यात फडकं भिजवलं आणि फरशी पुसली. चुन्याला मात्र पाणी लागलंच, तेवढं चाचीने तिच्या हौदातून दिलं. अव्वाची इरकली लुगडी आत्याने पाहुण्यांत वाटायला गाठोड्यात बांधली. बांधताना एकेक उलगडून बघत होती. प्रत्येकाचा पदर एकाच कोपऱ्यात विरलेला, मळकट. गाठोडं त्याच दिवशी तिच्या घरी गेलं.

तोवर अप्पा चाचीच्या ओट्यावर बसून होते.

सामान परत लावायची वेळ आली तेव्हा मी कोठी ओढून जुन्या जागी नेऊ लागले, तर आत्याने हात धरला. “तिथं न्हाई. ह्या वर्षी घर फिरवून लाव.”

“म्हणजे?”

“म्हणजे खाट तिकडं, कोठी इकडं, घडवंची खिडकीखाली. काहीच जुन्या जागी ठिवायचं न्हाई. वाट मोडावी लागती गेलेल्या माणसाची. न्हाईतर त्ये घर वळखून माघारी येतं.”

हे आत्या तिच्या सासरच्या खेड्यात कुणाकडून तरी शिकली होती. मी म्हणाले, “आत्या, आपण लिंगायत. आपल्यात असलं काही मानतात का?”

“आपल्यात न्हाई मानत. पण तुझी अव्वा कवा कुणाचं ऐकून ऱ्हायली होती?”

दादा हसला. मीही हसले, बऱ्याच दिवसांनी. आणि खरंच, उलट लावलेलं घर मोठं वाटायला लागलं. खिडकीतून उजेड येऊ लागला. चुन्याचा वास, घासलेली भांडी... आम्ही तिघं उंबऱ्यात उभं राहून बघत होतो. शिकलेसवरलेले दोघं आणि आयुष्यभर संसार केलेली एक म्हातारी, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की त्या घरात एक आंधळा माणूस राहतो.

दादाने अप्पांना उंबऱ्याच्या आत आणून सोडलं. ते नेहमीसारखे भिंत धरून निघाले. खाट जिथे असायला हवी तिथे नव्हती. ते थांबले, वळले, हात हवेत फिरवला. मी “अप्पा, थांबा” म्हणेपर्यंत त्यांनी पाऊल टाकलं आणि घडवंचीवर जाऊन आदळले. दोन्ही भरलेल्या घागरी फरशीवर. पितळेचा तो आवाज गल्लीभर गेला.

आम्ही धावलो. अप्पा पाण्यात बसले होते आणि दोन्ही हातांनी फरशीवरचं पाणी गोळा करत होते. ओंजळीत येत नव्हतं, तरी करत होते.

“अप्पा, लागलं का कुठं?” दादाने विचारलं.

“पायाचं सोड. घागर उभी कर आधी. ऱ्हायलंय का काही त्यात?”

काही राहिलं नव्हतं. टँकर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

मी त्यांचं धोतर बदललं, गुडघ्याला हळद लावली आणि म्हणाले, “मी आत्ताच्या आत्ता सगळं होतं तसं लावते.”

अप्पांनी हळदीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “लावशील गं. पण माझा भरवसाच गेला की. आता जुन्या जागी लावलं तरी मी भिऊनच चालणार. दादाचं बरोबर हाय. जातो मी नांदेडला.”

ते इतकं हळू बोलले की दादाला ते हवं असूनही त्याचा चेहरा पडला. आत्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून गेली. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. परवा सकाळच्या गाडीने निघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. ऊन अजून पत्र्यावर होतं. टँकर येणार म्हणून गल्लीत घागरी लागलेल्या. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगते, रांग म्हणजे सरळ रेघ नसायची. पितळी घागरी, प्लॅस्टिकच्या घागरी, डबे, हंडे, जागा धरायला ठेवलेले दगड, एकमेकांना दोरीने बांधलेल्या बादल्या... गल्ली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत भरून जायची. डोळस माणूसही बघून बघून पाय टाकायचा, आणि तरी एखादी घागर आडवी व्हायचीच.

मी मधल्या खोलीत अप्पांचे कपडे पिशवीत भरत होते. दादा दाराशी पेपर वाचत बसलेला. अप्पा खाटेवर. रोज देवळात जायची ती वेळ.

अप्पा उठले. मला वाटलं न्हाणीकडे निघाले असतील, म्हणून मी हात धरायला पुढे झाले... आणि थांबले. त्यांनी उजवी मूठ पुढे धरली होती. मूठ वळलेली, हात किंचित ताणलेला, मान ताठ.

नव्या जागी ठेवलेल्या कोठीला वळसा घालून ते गेले. घडवंचीपाशी आदल्या दिवशी आदळले होते, तिथे हलकेच अंग चोरून पुढे झाले. दादाच्या पायांपाशी आले तेव्हा त्याने ते चटकन ओढून घेतले. उंबऱ्यावर मूठ किंचित खाली आली. अप्पांनी पाय उचलला, पायरी उतरले आणि गल्लीत गेले.

दादा ओरडायला तोंड उघडत होता. मी त्याचा दंड धरला. का धरला, माहीत नाही.

अप्पा घागरींच्या मधून चालत होते. जिथे फट होती तिथे पाऊल पडत होतं. मूठ डावीकडे गेली की ते डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे. एका ठिकाणी वाटच नव्हती, भिंतीपासून भिंतीपर्यंत डबे. तिथे ते उभे राहिले. कुणीतरी पुढे जाऊन जागा बघतंय आणि आपण थांबलोय, असे. मग मूठ वर उचलली गेली, ते चाचीच्या ओट्याची कड चढले, चार पावलं ओट्यावरून चालले आणि पलीकडे उतरले. एकही घागर वाजली नाही. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या.

हमीदाचाची ओट्यावरच होती. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि उभी राहिली, अव्वा जाताना कधी कधी राहायची तशी. मग माझ्याकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, “अगे सुमन... अप्पाकू कोन लेके जारा?”

दादा चपला न घालता त्यांच्या मागे धावला. त्याने दोन डबे पाडले.

दोघं देवळातून परत आले तेव्हा टँकर लागला होता. गर्दी, आरडाओरडा. अप्पा त्यातूनही तसेच आले, दादा दोन पावलं मागे. घरात येऊन अप्पा खाटेवर बसले. कपाळाला ताजी विभूती होती. मूठ त्यांनी सावकाश उघडली. मी जवळच होते. तिच्यात काही नव्हतं.

आत्या डबा घेऊन आली होती. तिला चाचीने बाहेरच सगळं सांगितलं असावं, कारण ती डबा हातात धरूनच उभी राहिली. “शिवा,” ती अप्पांना म्हणाली, “काय म्हणली रे ती?”

“काही न्हाई,” अप्पा म्हणाले. “चालताना ती कवा बोलत होती?” मग थोडं थांबून, लाजल्यासारखे, “मला पाणी दे गं सुमे.”

दादाने कपड्यांची पिशवी उचलली आणि एकेक धोतर काढून परत खुंटीला लावायला सुरुवात केली. लावता लावता माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी काही बघितलं न्हाई. तू पण न्हाई.” दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो एकटाच गेला.

मी मात्र तपासलं. सवयच ती. सकाळी आवाज न करता त्यांच्या वाटेत एक स्टूल आणून ठेवलं आणि श्वास रोखून भिंतीला टेकून उभी राहिले. अप्पा मूठ पुढे करून आले, स्टुलाच्या अलीकडे थांबले, मूठ उजवीकडे गेली, तेही गेले. पुढे एका डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, आंधळ्या माणसाला आवाजावरून, हवेवरून अडथळा कळू शकतो. असेल. पण मग आदल्या दिवशी घडवंची का कळली नाही? आणि मूठ पुढे नसली, नुसतेच उठले, की अप्पा त्याच खोलीत चाचपडायचे, कोठीवर धडकायचे. हा फरक मी पुन्हा पुन्हा पाहिला.

रजा संपली, मी हदगावला गेले. अप्पा त्या घरात राहिले. आत्याचा डबा, चाचीचं लक्ष. पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. दिवाळीच्या सुट्टीत मी आले तर अप्पा स्वयंपाकघरातून बाहेर येत होते, डावा हात भिंतीला आणि उजवा मोकळा, झुलता. कोठी, खाट, घडवंची सगळं नव्या जागीच होतं आणि ते सहज वावरत होते. देवळातही काठी घेऊन एकटे जायला लागले होते.

मला विचारवेना. शेवटी चहा देताना म्हटलं, “अप्पा... अव्वा?”

ते बशीत चहा ओतत राहिले. “आता घर पाठ झालं गं मला,” ते म्हणाले. “गल्लीबी झाली. मग मीच सोडला पदर. तिला तरी किती दिवस अडकवून ठिवायचं?”

पुढची सगळी वर्षं ते त्याच घरात राहिले आणि तिथेच, झोपेत गेले. आत्या गेली, चाची गेली. दादाने आणि मी तो विषय कधी काढला नाही, इतका की मला वाटायचं, तो विसरला.

मागच्या वर्षी त्याच्या शेवटच्या दिवसांत मी नांदेडला त्याच्याजवळ होते. एका दुपारी तो छताकडे बघत पडला होता. एकदम म्हणाला, “सुमे, त्या दिवशी मी अप्पांच्या मागून चालत होतो ना...”

“हो.”

“देवळापर्यंत मी त्यांच्या पायाकडंच बघत होतो. पडतील म्हणून. जातानाही आणि येतानाही.” त्याला दम लागला. “एकदा मान वर करून पुढं बघायला पायजे होतं.”

“आणि बघितलं असतं तर?”

“दिसली नसती एखादवेळी. पण बघितलं तर असतं.”

मी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मी दारात उभी होते. मी पुढे बघितलं होतं. अप्पांच्या मुठीपुढे संध्याकाळच्या उन्हात नुसत्या घागरी होत्या, आणि कुणीही नव्हतं. हे मी दादाला सांगितलं नाही. कुणी नव्हतं, आणि अप्पा चालत होते. इतक्या वर्षांत याच्यापुढे मला एक वाक्यही सुचलेलं नाही.